बुवांचा पहारा

सटवाजीच्या एकतारीच्या तारेला, खुंटीपासून चार बोटांवर, एक गाठ होती. तुटलेली तार त्याने तशीच बांधून घेतली होती. गाठीपाशी सूर किंचित कापे, आणि तो ऐकला की केरोबा महाराजांचे डोळे भरून येत.

महाराज तेव्हा बोरवंडच्या मारुतीच्या देवळात राहत. व्यंकटबुवा बारा वर्षे त्यांच्यापुढे गात होते. सूर शुद्ध, ताल चोख. पण महाराजांच्या डोळ्यांत कधी पाणी आले नव्हते. बाजारात चिंचेखाली गाऊन पोट भरणाऱ्या म्हाताऱ्या सटवाजीला महाराजांनी देवळात आणले, तेव्हापासून बुवांना अन्न गोड लागेना. वर महाराज म्हणाले, "बुवा, सटवाजीकडे थोडे शिका."

"जातो की, महाराज."

वर्ष उलटले, बुवा गेले नाहीत. पारावर मात्र म्हणत, "काय शिकू त्याच्याकडे? तारेला गाठ मारायला?"

माघात सप्ताह बसला. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, असा नेम. दोन तासांचा पहारा संपला की ती पुढच्याच्या गळ्यात घालायची आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचे. चौथ्या दिवशी बुवांनंतर सटवाजीचा पहारा आला.

"द्या, बुवा," सटवाजी पुढे होऊन म्हणाला.

"मी दमलो नाही अजून."

गावादेखत याच्या पाया पडायचे? बुवा उभेच राहिले. दुपार झाली, उन्हे कलली, पोटऱ्यांत गोळे आले. सटवाजीही समोरून हलला नाही.

"बुवा, घोटभर पाणी तरी घ्या."

बुवांनी मान फिरवली, तशी त्यांना भोवळ आली आणि ते कोसळले.

वीणा मात्र पडली नाही. बुवांच्या खांद्याच्या उंचीवर ती अधांतरी राहिली, आणि तार वाजत होती. काय त्या पांडुरंगाची करणी! सटवाजीने गळा पुढे केला. वीणा अलगद त्याच्या गळ्यात आली. मग नेम चुकू नये म्हणून वाकून त्याने आडव्या पडलेल्या बुवांच्या पायांना हात लावला.

बुवांनी डोळे उघडले, तेव्हा महाराज त्यांच्या तोंडावर पाणी शिंपडत होते. महाराज म्हणाले, "बुवा, तुम्ही पडलात. तुमचा पहारा देवाने दिला."

बुवा सरपटत पुढे झाले. सटवाजीच्या धुळीने भरलेल्या पावलांवर त्यांनी कपाळ टेकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले,

"बाबा, मी तुमच्याकडे शिकायला येतो."