बकुळा आणि तीन तोंडांची इच्छा

निळ्यानिळ्या डोंगराच्या पायथ्याशी, जिथे सकाळचं धुकंसुद्धा गुलाबी दिसायचं, तिथे पाकळवाडी नावाचं एक इवलंसं गाव होतं. त्या गावात बकुळा राहायची. तिच्या परकराला ठिगळं होती, ठिगळांनाही ठिगळं होती. पण डोळे? पिकल्या जांभळासारखे टपोरे, लुकलुकणारे!

बकुळाचे बाबा ती रांगत होती तेव्हाच देवाघरी गेले होते. तिची आई गिरजा गुलाबाच्या पाकळ्यांत खडीसाखर घालून उन्हात मुरवायची आणि असा गुलकंद करायची, की नुसत्या वासानेच तोंडाला पाणी सुटावं. पण बाजार पडला घाटापलीकडे. पानांच्या द्रोणांत भरलेला गुलकंद बैलगाडीच्या हिसक्यांनी सांडायचा, उरलेल्याला मुंग्या लागायच्या. आई हिरमुसून परत यायची आणि मायलेकी शिळी भाकरी पाण्यात भिजवून खायच्या.

"बकुळे," एके दिवशी आई म्हणाली, "या बाजारालाही असंच झालं ना, तर हे घर सोडून मामाच्या गावी जावं लागेल गं."

बकुळाने डोळे पुसले आणि टोपली घेऊन ती बागेत गेली. झाडांवर फुलं थोडीच उरली होती. सगळ्यात मोठं, सगळ्यात लालचुटुक फूल तिने हातात धरलं, तर आत एक चिमुकली मधमाशी! दवाने भिजलेली, थंडीने कुडकुडणारी.

"नीज हो माशीबाई," बकुळा कुजबुजली. "मी दुसरं फूल शोधते."

तिने हात मागे घेतला मात्र, आणि फुलातून सोनेरी उजेडाची कारंजी उडाली! मधमाशीचे पंख वाढले, चंदेरी झाले, आणि पाकळीवर उभी राहिली बोटभर उंचीची परी. तिचा झगा केशरी, गुलाबी, जांभळा, असा क्षणाक्षणाला रंग बदलत होता.

"भुकेली असूनही तू मला उठवलं नाहीस," परी किणकिणली. "माग, एक इच्छा माग. पण नियम नीट ऐक. ही इच्छा एका तोंडाने पुरी होत नाही. तिला तीन तोंडं लागतात, आणि तीही तीन वेगवेगळी कामं करणाऱ्यांची. प्रत्येकाने शेजाऱ्यासाठी मागायचं, स्वतःसाठी नाही. आणि जोवर तिघं एकत्र, तोवरच ती टिकेल."

बकुळा विचारात पडली. त्यांच्या घराशेजारी सोमाजीकाका कुंभार राहायचे आणि त्यांच्यापलीकडे बुरडाच्या घरातली, बांबूच्या टोपल्या विणणारी हंसामावशी. पण बाजारातल्या सावलीच्या जागेवरून तिघांचं असं वाजलं होतं, की कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

"बोलतील!" बकुळा ठामपणे म्हणाली. "मी आणते त्यांना."

सोमाजीकाका फुटक्या बरण्यांच्या ढिगापुढे बसले होते.

"काका, तुमचं काय अडतंय हो?"

"अडतंय कसलं पोरी? घाटात गाडी उसळते आणि माझ्या बरण्या आपटून फुटतात. तुझ्या आईचं बरंय, गुलकंद काही फुटत नाही."

"फुटत नाही, पण सांडतो ना! पानांच्या द्रोणांत कसा राहील?"

काकांनी मान वर केली. "मग बरणीत का नाही भरत? आतून मेणाचा हात दिला की थेंब गळायचा नाही."

"तुम्ही बोलत कुठे आईशी!"

काका खुदकन हसले आणि हात झटकून उठले. हंसामावशीच्या दारात सुबक टोपल्यांची उतरंड नुसती धूळ खात होती. "गिऱ्हाईकच नाही गं बाई," ती म्हणाली. पण बकुळाने तिचं बोट धरलं ते सोडलंच नाही.

बकुळाने आईलाही बागेत बोलावलं, परीचा नियम सांगितला, आणि तिघं समोरासमोर उभी राहिली. आधी सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. मग आईच म्हणाली, "सोमाजीभाऊजींच्या बरण्या धड पोचू देत."

"गिरजावहिनींचा गुलकंद सांडू नये," काका म्हणाले. "आणि हंसाच्या टोपल्यांना गिऱ्हाईक मिळू दे."

"या दोघांच्याही घरात सुख नांदू दे," हंसामावशी पुटपुटली.

परीने कांडी फिरवली. चमचमत्या उजेडात एक चित्र तरंगलं. गुलकंदाने भरलेली गोलमटोल बरणी, तिच्याभोवती मऊ गवत, आणि तिला कुशीत घेतलेली छोटीशी टोपली.

"अगं बाई!" हंसामावशी ओरडली. "अशी टोपली तर मी चुटकीसरशी विणीन!"

मग काय विचारता! चाक गरगरलं, बांबूच्या कामट्या सळसळल्या, बागेतल्या फुलांचा गुलकंद घमघमला. गाडी घाटात उसळली, पण एकही बरणी फुटली नाही, एक थेंबही सांडला नाही. त्या बाजारात तिघांनी एकाच सावलीत दुकान मांडलं.

तिथे जरीची पगडी घातलेला एक बडा व्यापारी आला. त्याने गुलकंद चाखला आणि डोळे मिटले.

"बाई, सगळाच्या सगळा गुलकंद मी घेतो. दरवेळी घेईन. पण या बरण्या-टोपल्यांचं लचांड नको. ही दोघं सोडा, तुम्ही एकट्या माझ्याबरोबर या."

आईने बकुळाकडे पाहिलं. घरी पीठ संपत आलं होतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. बकुळाने हळूच नाही म्हणून मान हलवली. आई हसली आणि ताठ उभी राहिली.

"शेठजी, गुलकंद इथवर पोचला तो या दोघांमुळे. घ्यायचं तर तिघांचं घ्या. नाहीतर राहू द्या."

व्यापारी फणकाऱ्याने निघून गेला. हंसामावशीने पदर डोळ्यांना लावला. आई मात्र मोठ्याने हाका देऊ लागली, "या हो, या! टोपलीतला गुलकंद!" बकुळाही तिच्या सुरात सूर मिसळून ओरडू लागली.

लोक थबकले. लग्नघरातल्या बायका आल्या. "आहेरात द्यायला किती देखणं आहे हे!" म्हणत एकीने टोपली घेतली, मग दुसरीने. दुपार कलायच्या आत गर्दी एवढी झाली, की तो व्यापारी कोपरं मारत वाट काढत परत आला.

"तिघांचं घेतो!" तो धापा टाकत म्हणाला. "टोपलीसकट, बरणीसकट. माझ्यासाठी काही उरलंय का?"

दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात बकुळा बागेत धावली. परी तिचीच वाट पाहत होती.

"तुम्ही तुटला नाहीत," ती म्हणाली. "म्हणून हे माझ्याकडून, न मागता."

तिने पंख झटकले. सोनेरी रज उडाली, अख्ख्या उघड्याबोडक्या डोंगरावर भुरभुरली, आणि माथ्यापर्यंत गुलाबच गुलाब फुलले! लाल, पिवळे, पांढरेशुभ्र, वाऱ्यावर डुलणारे. परी हसली, झुळझुळत्या उजेडाची झाली, आणि तो उजेड फुलाफुलांत विरघळून गेला.

आई, काका आणि मावशी धावत आली आणि बघतच राहिली.

"अगो बाई, एवढी फुलं आपण कशी खुडणार?" आई म्हणाली.

"पलीकडच्या वाडीतल्या लोकांनाही सामील करून घेऊ!" बकुळा म्हणाली, आणि परकर आवरून, हाका मारत, डोंगराच्या वाटेने भुर्रकन पळाली.