काट्याची वायर

एकदा एक जुनी जीप तापू लागली. यात कथा सांगण्यासारखं काही नाही. जुन्या जीपा तापतात, आणि जुनी माणसंही तापतात. पण ही जीप तापल्यावर एका हुशार मिस्त्र्याने जे केलं, ते तुमच्याआमच्या हातूनही अधूनमधून घडतं, म्हणून सांगतो.

घाटमाथ्यावर सहा वाड्या होत्या. वर जाणारा रस्ता म्हणजे नुसते दगडगोटे. चारही चाकांना जोर देणाऱ्या या जीपशिवाय दुसरं वाहन तिथे टिकत नसे. जीप दूध सोसायटीची होती. सकाळी ती दुधाचे कॅन घेऊन खाली यायची आणि दुपारी पेंडीची पोती, रिकामे कॅन आणि बाजाराला आलेली माणसं घेऊन वर जायची. कुणाला दवाखान्यात न्यायचं तरी तीच, परत आणायचं तरी तीच. चौदा वर्षं तिची चावी लहानू नावाच्या ड्रायव्हरच्या करगोट्याला बांधलेली होती. तो आंघोळीलाही ती सोडत नाही, असं वाडीतले लोक चेष्टेने म्हणत.

घाटाच्या पायथ्याशी मुरारीचं गॅरेज होतं. मुरारी चाळिशीकडे झुकलेला होता. तालुक्याच्या गावी एका वृद्ध वस्तादाच्या हाताखाली नऊ वर्षं काढून त्याने विद्या घेतली होती. हात खरोखर चांगला होता, आणि तो चांगला आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. ‘इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगतो’ अशी पाटी त्याने दारावर रंगवून घेतली होती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी लहानू जीप घेऊन आला. म्हणाला, “मिस्त्री, सपाटीला गाडी थंड राहते. चढाला लागली की गरमीचा काटा वर जातो. आता तीन ठिकाणी थांबावं लागतं.”

मुरारीने आवाज ऐकला आणि रेडिएटरचं झाकण बदललं. जीप घाट चढली आणि तापली. त्याने थर्मोस्टॅट बदलला, जीप तापली. पंख्याचा पट्टा बदलला, वॉटर पंप उघडून पाहिला, तरी जीप तापली. चौथ्या खेपेला लहानू गॅरेजसमोर उभा राहिला तेव्हा चहाच्या टपरीवरून कुणीतरी विचारलं, “काय मिस्त्री, आज काय म्हणते हो गाडी? काही ऐकू येतं का?” सगळे हसले. मुरारीही हसला, पण त्याचे कान लाल झाले.

माणसाला लाज वाटली की तो दोनांपैकी एक गोष्ट करतो. एक तर कारण शोधतो, नाही तर माणूस शोधतो. मुरारीला माणूस समोरच सापडला. दुसऱ्या सकाळी सोसायटीच्या ओट्यापाशी, चेअरमनसमोर, दूध घालायला आलेल्या पंचवीस-तीस लोकांसमोर तो म्हणाला, “गाडीत दोष नाही. लहानूभाऊ चुकीच्या गिअरात ओढतात, पाणीही बघत नाहीत. आणि तो काटा तर खोटंच दाखवतो.” एवढं बोलून त्याने पक्कड घेतली आणि तापमान दाखवणाऱ्या काट्याची वायर सर्वांदेखत तोडली. काटा गपकन खाली पडला. “बघा,” तो म्हणाला, “झाली थंड.”

वाद घालणं लहानूला कधी जमलंच नव्हतं. त्याने करगोट्याची गाठ सोडली. चौदा वर्षांत ती घट्ट बसली होती, सुटायला वेळ लागला. चावी चेअरमनच्या पुतण्याला मिळाली.

आठ दिवसांनी जीप वर निघाली. मागच्या बाकावर डोळ्याचं ऑपरेशन करून परतणारी एक म्हातारी होती, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली. काटा खालीच होता, त्यामुळे पुतण्या निश्चिंत होता. अर्ध्या चढावर बॉनेटमधून वाफेचा लोट उठला आणि जीप जागच्या जागी बसली. मग घोंगडीची झोळी करून माणसांनी म्हातारीला उन्हातून वर नेलं. झोळीचा पुढचा दांडा ज्याच्या खांद्यावर होता तो लहानू होता. हे मुरारीच्या कानावर आलं तेव्हा तो ताट तसंच ठेवून उठला. आपल्यामुळे ज्याची चावी गेली, तोच आपली चूक खांद्यावर घेऊन घाट चढला, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तो वस्तादांकडे गेला. खरं तर पहिल्याच खेपेला जायला हवं होतं, पण ‘वस्ताद, अडलो’ हे दोन शब्द त्याला जड झाले होते.

वस्ताद सत्तरीच्या पुढचे होते. फार बोलत नसत. ते आले, पायथ्याशी आणून उभ्या केलेल्या, थंड झालेल्या जीपमध्ये डोकावले आणि बॉनेटला हातही न लावता म्हणाले, “आधी काटा जिवंत कर.”

“वस्ताद, दोष इंजिनात आहे. काट्याचं मग बघू.”

“जो बोलतो त्याचं तोंड बांधून तू कुणाला विचारणार आहेस?”

मुरारीने मान खाली घालून वायर जोडली. वस्तादांनी पुढे सांगितलं की गाडी घाटात घेऊन जायची, आणि चालवणार लहानू. मुरारीला ते मुळीच नको होतं. पण वस्तादांसमोर नाही म्हणण्याची त्याची छाती नव्हती. लहानू आला, रेडिएटरमध्ये पाणी घातलं आणि स्टिअरिंगशी बसला. शेजारी वस्ताद, मागे मुरारी. मुरारी मागून लहानूचा हात पाहत होता. प्रत्येक वळणाआधी योग्य गिअर पडत होता. एकदाही चूक झाली नाही. आपण काय बोलून गेलो, हे प्रत्येक गिअरसरशी त्याला कळत गेलं.

तिसऱ्या वळणावर काटा चढू लागला. कुणी सांगायच्या आतच लहानूने गाडी बाजूला घेतली. “इंजिन चालू राहू दे,” वस्ताद म्हणाले. मग खिशातून वर्तमानपत्राचं पान काढून त्यांनी मुरारीच्या हाती दिलं. “रेडिएटरसमोर धर. पंखा हवा ओढत असेल तर पान जाळीला चिकटेल.”

मुरारीने पान धरलं. मधोमध ते जेमतेम टेकलं. कोपऱ्याकडे सरकवलं तर गळून खाली पडलं. त्याने पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. आणि तिसऱ्यांदा वाकून पान उचलताना त्याला लख्ख कळलं.

पंख्याभोवती पत्र्याचं एक गोल कडं असतं. ते असलं की पंखा रेडिएटरमधूनच हवा ओढतो. ते नसलं की आजूबाजूची हवा घुसळत बसतो. सपाटीला गाडीच्या वेगाने समोरून वारा मिळतो, म्हणून चालून जातं. चढावर गाडी संथ चालते, तेव्हा मात्र सगळा भार पंख्यावर येतो. ते कडं मुरारीनेच काढलं होतं. गेल्या दिवाळीआधी काम करताना कड्याचा एक कान, म्हणजे बोल्ट अडकवायची पट्टी, मोडला, पुन्हा बसवायचा कंटाळा आला, आणि ‘याशिवाय काही अडत नाही’ म्हणून त्याने ते परसात भिरकावलं. बायकोने ते कढीपत्त्याच्या रोपाभोवती आळ्यासारखं लावलं. रोज सकाळी दात घासताना तो त्याच कड्याकडे बघत असे. कधीकधी त्यात पाणीही घाली.

“काय दिसतं?” वस्तादांनी विचारलं.

लहानू दोन हातांवर उभा होता. मुरारीच्या तोंडून शब्द निघाले, “रेडिएटर आतून चोंदला असेल. उतरवून साफ करतो.”

वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी रेडिएटरच्या चौकटीवरून हात फिरवला. तिथे कडं बसवायच्या बोल्टची चार भोकं रिकामी होती. एका भोकात त्यांनी बोट घातलं, आतली माती काढली आणि ती चिमूट अंगठ्याने चोळत बसले. मुरारी त्या बोटाकडे पाहत राहिला.

“लहानू,” ते म्हणाले, “खालच्या झऱ्यावरून कॅनभर पाणी आण बाबा. सावकाश ये.”

लहानू दिसेनासा झाल्यावर वस्तादांनी हत्यारांच्या पेटीतून पक्कड काढली आणि मुरारीपुढे धरली. “घे. ती वायर पुन्हा तोड.”

मुरारीला काही कळेना. “आत्ताच तर जोडायला लावलीत.”

“मघाशी जोडली ती गाडीची. आता तुझी तोड. तुझे कान तापलेत, तोंडाला कोरड पडली आहे. तो तुझा काटा आहे, मुरारी. कडं घरी पडलं असेल ना? उद्या गुपचूप बसव. गाडी थंड होईल, रेडिएटर साफ केला म्हणून लोक तुझं नाव घेतील, आणि लहानू होता तिथेच राहील. तोड आणि मोकळा हो.” ते थोडं थांबले. “काटा वर गेला की माणसाला वाटतं, सगळं संपलं. तसं नसतं. इंजिन अजून शाबूत आहे, थांबायला वेळ आहे, एवढंच तो सांगतो. लाज वाटते आहे तोवर माणूस दुरुस्त होतो. वायर तोडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा काटा कायम खाली असतो.”

मुरारीने पक्कड घेतली नाही. तो दगडावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. लहानू पाणी घेऊन आला तेव्हाही तो तसाच बसला होता. लहानूने वस्तादांकडे पाहिलं आणि कॅन सावलीत ठेवला.

दुसऱ्या सकाळी दूध घालायच्या वेळी मुरारी कडं घेऊन सोसायटीसमोर आला. मोडका कान त्याने जोडून घेतला होता, पण आतल्या बाजूला कढीपत्त्याची माती अजून चिकटलेली होती. तेच लोक होते, तोच ओटा होता. त्याने कडं सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. “हे मी काढलं होतं,” तो म्हणाला. “माझ्या परसात कढीपत्त्याचं आळं होऊन पडलं होतं. हे नव्हतं म्हणून गाडी तापत होती. लहानूभाऊंचा काही दोष नव्हता. काटाही खरंच सांगत होता. खोटं मी बोललो.” बोलताना आवाज दोनदा फुटला. टपरीवर चेष्टा करणाऱ्याने बोलायला तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं.

चेअरमनने पुतण्याकडे पाहिलं. पुतण्याने चावी काढून दिली. त्याला सुटल्यासारखंच वाटलं असावं. लहानूने ती करगोट्याला बांधली. मुरारी त्याच्यासमोर उभा होता.

लहानूने गाठ घट्ट ओढली. मग म्हणाला, “मिस्त्री, त्या कढीपत्त्याला दुसरं आळं करा. उन्हाळा आहे, पाणी वाहून जाईल.”

एवढंच बोलला. शिव्या दिल्या असत्या तर मुरारीला सोप्या गेल्या असत्या.

दुपारी कडं बसवून जीप घाटाला लागली. पोती, कॅन, माणसं असा पुरता भार होता. मुरारी लहानूच्या शेजारी बसला होता. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, तिसरंही न थांबता गेलं. काटा मध्यावर आला आणि तिथेच स्थिरावला. लहानूने नेहमीच्या सवयीने एकदा त्याच्याकडे नजर टाकली आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिलं.

मुरारीचे कान मात्र अजून तापलेलेच होते. त्याने ते तसेच तापू दिले.