धार कोणाकडे?

व्हिएन्नाच्या चार दिवसांच्या सहलीत सांगलीचं पानसे कुटुंब एका छोट्या संग्रहालयात शिरलं आणि हर्षदा एका काचेच्या पेटीसमोर थबकलीच. आत चक्क विळी! खाली पाटी होती, ‘मराठा सैनिकाचं युद्धशस्त्र’. तिची सहावीतली लेक इरा ते मन लावून वहीत उतरवून घेत होती.

"पुस ते," हर्षदा म्हणाली. "ही भाजी चिरायची विळी आहे."

संग्रहालयाचे प्रमुख शेजारीच उभे होते. हर्षदानं त्यांनाही तेच इंग्रजीत सांगितलं. "बाई, या शस्त्रावर मी ग्रंथ लिहिलाय," ते इंग्रजीत म्हणाले. "मुलीला भलतंसलतं शिकवू नका."

"जाऊ दे गं, लोक बघतायत," नवरा कुजबुजला.

"बघू देत की!" लेकीनं आईपेक्षा त्या पाटीवर विश्वास ठेवावा, हे हर्षदाला मुळीच खपणार नव्हतं. तिनं प्रमुखांना विचारलं, "सैनिक हे धरायचा कसा?"

"खालच्या फळीला, दोन्ही हातांनी." त्यांनी ऐटीत तसा पवित्राही घेतला.

"वा! आता पेटीत बघून सांगा, धार कोणाकडे आली?"

प्रमुख वाकले. पात्याची धार फळीच्याच बाजूला होती, म्हणजे थेट त्यांच्या पोटाकडे.

"आम्ही ती फळी पायाखाली दाबून बसतो आणि समोरच्या धारेवर भाजी चिरतो," हर्षदा म्हणाली. "तुमच्या ग्रंथातलं सैन्य हे घेऊन लढलं असेल, तर शत्रूला करायला काय उरलं हो?"

इरानं वहीतली ओळ पुसली आणि खोडरबर मुकाट्यानं प्रमुखांपुढे धरला.