येसाजीचं रक्त

"…मग ठरलेलं लग्न मोडू नको तर काय करू, माय?"

विचारणारा अद्वैत भोईटे, चिमामायचा जुना शिष्य. माणसाच्या रक्तातली जनुकं वाचणं हा त्याचा धंदा, त्यामुळे नाक सदा वर. त्या दिवशी मात्र स्वतःचंच रक्त वाचून आमच्या मठात आला होता. तोंड पार उतरलेलं.

चिमामाय मेथी निवडत बसली होती. नव्वदी उलटलेली, चेहऱ्यावर देवीचे वण.

"काय वाचलंस?"

"शंभरी गाठणाऱ्यांच्या रक्तात जे सापडतं, ते माझ्यात नाही. माझी रोगाशी लढणारी जनुकं भलती तापट आहेत. तरुणपणी रोगावर तुटून पडतात आणि पुढे आपल्याच अंगावर उलटतात. आजोबा पन्नाशीत गेले, वडीलही. लग्न करून रेवतीच्या पदरात तेच टाकू?"

माय काड्या बाजूला काढत राहिली…

"घराण्यात प्लेग कुणी पाहिला?"

"पणजोबांनी. येसाजी नाव त्यांचं. चार वर्षांचे होते. अख्खं घर गेलं, ते एकटे उरले."

"कसे उरले?"

अद्वैत मेथीची एक काडी उचलून तिचे तुकडे करू लागला. एवढा बोलका माणूस! मला तर हसूच फुटत होतं.

"सांग की रे! रक्त वाचतोस ना?"

"कदाचित… याच जनुकांमुळे."

"पुढे किती जगले?"

"पन्नाशीही गाठली नाही."

"लग्न केलं होतं?"

"केलं म्हणून तर मी…"

मायनं मेथी खाली ठेवली. त्याचं मनगट हातात घेतलं आणि वाकून त्यावर कपाळ टेकलं. जिच्या पाया पडायला गाव लोटतं, ती माय!

"अगं माय, हे काय करतेस!"

"तुला नाही रे बाबा. येसाजीला."

अद्वैत रडला, रडता रडता हसला. मग तरातरा अंगणात गेला आणि फोन कानाला लावला.

"रेवती, सगळं खरं सांगतो. ऐकून तूच ठरव…"

बराच वेळ तो हळू आवाजात बोलत होता. पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला त्याच्या आरोळीवरूनच कळलं. कळसावरची कबुतरं भुर्रकन उडाली. खोटं कशाला सांगू, मीही टाळ्या पिटल्या.

मायनं मेथी पुन्हा मांडीवर घेतली आणि ओसरीवरूनच ओरडली,

"पोराचं नाव काय ठेवू म्हणून विचारायला येऊ नकोस हो!"