भिवरेच्या हातांची ऊब

आसरेगावच्या नदीकाठी, चिंचेखालच्या मठीत श्रीकेवळबुवा महाराज धुनी लावून बसत. कोणी नारळ आणो, कोणी नुसते दुःख आणो, महाराज दोन्ही सारख्याच मायेने घेत. मठी रोज सारवायची ती भिवरा सुईण. धुनीची राख कपाळी लावल्याशिवाय ती कोणाच्या बाळंतघरात पाऊल टाकीत नसे.

अडलेल्या बाईच्या आत भिवरा हात घालीत नसे. पायाशी बसून ती घोट्यापासून गुडघ्यापर्यंत हात फिरवी. कळा वाढतात तसा पायाचा गारवा वर चढतो, बाईचे बोलणे तुटते, आवाज खोल जातो. एवढ्यावरून बाळ कुठवर आले ते तिला कळे. पैलतीरच्या गोजराबाई पाटलीण मात्र तिला 'पाय चेपणारी' म्हणून चारचौघींत हिणवीत.

त्यांची थोरली सून बाळंतपणात हात घालणाऱ्या सुईणीच्या ओढाताणीत दगावली होती. म्हणून धाकटी रखमा अडली तेव्हा तिच्या नवऱ्याने हट्टाने भिवरेलाच बोलावले. पौषातली नदी उतरून ती पोचली, पण बोटे पार बधिर झाली होती. शेगडीवर धरली, चोळली, तरी जाण येईना. रखमाच्या पोटरीवरून हात फिरे, पण गार की ऊन, काहीच समजेना.

"कळत नसेल तर ऊठ," पाटलीणबाई म्हणाल्या. "हात घालणारीला बोलावते."

भिवरेला थोरली सून आठवली. डोळे मिटून तिने विनवले, 'महाराज, माझी लाज गेली तर जाऊ द्या, पण ह्या दोन जिवांना राखा.' आणि काय सांगावे! कोणीतरी तिचे हात आपल्या तळव्यांत धरले. बोटांत ऊब उतरली. तिने पुन्हा पायावरून हात फिरवला. गारवा गुडघ्याला टेकला होता, आणि रखमा बोलायची थांबून आतून हुंकारत होती.

"कुनाला बोलवू नगा, पाटलीणबाई. बाळ दाराशी आलंया."

शेगडीतले निखारे विझायच्या आत बाळ रडले. बाळ-बाळंतीण सुखरूप!

त्याच दुपारी पाटलीणबाई नारळ घेऊन मठीत आल्या. भिवरा कोपऱ्यात सारवीत होती. महाराजांनी पाटलीणबाईंच्या मस्तकावर हात ठेवला आणि त्या दचकल्या. धुनी रसरसलेली असूनही तो हात नदीच्या पाण्यासारखा गार होता.

"महाराज, हात एवढे गारठले कशाने?"

महाराज म्हणाले, "आमची ऊब भिवरेकडे आहे, माय. तिच्याकडून मागून आण."

पाटलीणबाई उठल्या. भिवरेचे शेणाने भरलेले हात त्यांनी धरले आणि त्यांवर कपाळ टेकले. ते हात ऊन होते.