वाटीशी बोलणारी मुलगी

नदीकाठच्या एका गावात एक कुंभाराची मुलगी राहायची. ती बोलायला लागली की ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला सवड नसे, तिलाही नसे. गावाला तिचं भारी कौतुक.

त्या राज्यात एक रीत होती. राजा वर्षाला एकच पूल बांधून द्यायचा आणि तो कोणत्या गावाला द्यायचा, हे भर मैदानात वादसभा घेऊन ठरवायचा. पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाला भोक असलेली तांब्याची वाटी सोडत. वाटी बुडाली की बोलणं बंद. मग राजा शेवटच्या रांगेतल्या कोणालाही उठवून विचारी, "काय ऐकलंस, सांग." ज्या गावाचं म्हणणं त्याला नीट सांगता येई, पूल त्या गावाचा.

मुलीच्या गावाला पूल हवाच होता. गेल्या पावसाळ्यात वैद्य पलीकडच्या काठावर अडकून पडला आणि अलीकडच्या काठावर तिची मावशी तापाने गेली. म्हणून मुलीने एकवीस मुद्दे काढले, पाठ केले आणि वाटी बुडायच्या आत एकवीसच्या एकवीस म्हणून दाखवले. टाळ्या काय पडल्या म्हणता!

राजाने मागच्या एका मेंढपाळाला उठवलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "पोरगी लई हुशार हाय, महाराज. पन काय म्हनली, ते काय ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

पूल दुसऱ्या गावाला गेला.

मुलगी संतापून मेंढपाळाच्या मागे धावली. "एकवीस मुद्दे सांगितले मी! तुमचं लक्ष कुठं होतं, मामा?"

"माजं तुज्याकडंच हुतं. तुजं वाटीकडं हुतं," तो म्हणाला. "तू वाटीशी बोललीस, बाय. वाटी काय सांगनार राजाला?"

मुलीला राग गिळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ती माळावर हजर झाली. मेंढपाळ टेकडीच्या माथ्यावर उभा राही आणि ती पायथ्याशी. वाक्य पोचलं की तो काठी वर करी. काठी वर गेल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. पहिले आठ दिवस काठी हललीच नाही. मग ती सावकाश बोलायला शिकली, शब्दाचा शेवट न गिळता बोलायला शिकली आणि, तिला सगळ्यांत अवघड गेलं ते म्हणजे, मध्येच गप्प उभं राहायला शिकली.

पुढच्या वर्षी तिसऱ्याच एका गावाचा पंडित तीस मुद्दे घेऊन आला आणि त्याने ते धडाधड उरकले. मग मुलगी उभी राहिली.

"माझी मावशी तापाने गेली," ती म्हणाली आणि थांबली. मागच्या रांगेतल्या माना वर झाल्या. "वैद्य समोरच्या काठावर उभा होता. आम्हाला तो दिसत होता." ती पुन्हा थांबली.

तेवढ्यात निम्मी बुडालेली वाटी तिला दिसली. अजून केवढं सांगायचं राहिलं होतं! गावची माणसं खुणा करू लागली, "आटप, आटप!"

तिने वाटीकडे चक्क पाठ केली. मागच्या रांगेकडे बघत ती म्हणाली, "आम्हाला पूल द्या. वैद्याला चालत येता येईल." एवढं बोलून ती खाली बसली. वाटी अजून तरंगतच होती.

राजाने कडेवर मूल घेतलेल्या एका बाईला उठवलं.

"हिची मावशी गेली, महाराज," बाई डोळे पुसत म्हणाली. "वैद्य दिसत हुता, पन त्याला येता येत न्हवतं. द्या की त्यांना पूल!"

त्या वर्षी पूल झाला. पावसाळ्यात नदी नेहमीसारखीच फुगली. वैद्य चालत आला.

तात्पर्य: वेळ किती झाला ते वाटी सांगेल, पण म्हणणं पोचलं का, ते शेवटच्या रांगेकडे बघितल्यावरच कळतं.