टिचकूला आई हवी

एक होता टिचकू. एवढंसं कुत्र्याचं पिल्लू.

आईचा पाय मोडला. कुत्र्यांना वाचवणारी माणसं आली. आईला गाडीत ठेवलं. भावंडांना ठेवलं. एक, दोन, तीन. टिचकू पाइपात झोपलेला. कोणाला दिसलाच नाही! गाडी गेली भुर्रर्र.

टिचकू उठला. आई कुठंय? कुंई कुंई!

हुंगत हुंगत निघाला, लुटुलुटु लुटुलुटु. कुंदामावशीच्या दाराशी आला. त्या माणसांनी आईला पाय बरा होईपर्यंत तिच्याकडेच ठेवलं होतं. पण दार बंद! आणि भावंडांनी दूध संपवलं तर?

“मावशी, मावशी, दार उघड.
मावशी दार उघडेल,
मला आई मिळेल!”

“अगं बाई, तू मागेच राहिलास? पण आमची मनी नख्या काढून बसलीये. ती हो म्हणू दे, मग उघडते.”

लुटुलुटु लुटुलुटु. मनी बसली होती खिडकीत.

“मनी, मनी, हो म्हण.
मनी हो म्हणेल,
मावशी दार उघडेल,
मला आई मिळेल!”

“फिस्स! माझं गोणपाट तुझ्या आईनं घेतलं. दुसरं आण, मग हो.”

लुटुलुटु लुटुलुटु. अंगणात गोणपाट होतं. त्यावर शेळी!

“शेळी, शेळी, ऊठ ना.
शेळी उठेल,
गोणपाट मिळेल,
मनी हो म्हणेल,
मावशी दार उघडेल,
मला आई मिळेल!”

“मेंऽऽ! आधी पाला.”

लुटुलुटु लुटुलुटु. पाय दुखले हो बिचाऱ्याचे!

“शेवग्या, शेवग्या, पाला दे.
पाला मिळेल,
शेळी उठेल,
गोणपाट मिळेल,
मनी हो म्हणेल,
मावशी दार उघडेल,
मला आई मिळेल!”

“माती कडक झालीये रे. कोणी उकरून दिली, तर देतो.”

कोण उकरणार? टिचकूने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कोण्णी नाही! घरातून आई रडली, कुंईऽऽ.

मग काय! टिचकूच लागला उकरायला. खर्र खर्र खर्र! नखं दुखली. तरी खर्र खर्र खर्र!

माती झाली मऊ.
शेवग्याने पाला दिला, सळसळ.
शेळी उठली, मेंऽऽ.
टिचकूने गोणपाट ओढलं, फर्र फर्र.
मनी म्हणाली, “बरं बाई, हो!”
मावशीने दार उघडलं, खट्ट!

आई लंगडत लंगडत आली. टिचकूला चाट चाट चाटलं. भावंडं मध्ये घुसली. आईने त्यांना नाकाने सरकवलं.

“थांबा रे. आधी माझा टिचकू.”

चुप चुप चुप.

टिचकूचं पोट भरलं, गोष्टीचं काम सरलं.